आठे की तठे

आमच्या घरी कानबाईदेवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू आई मोजते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते, आणि त्याच्या दोन-तीन दिवस आधी गहू दळून यावे लागतात. मापाला पायली नाही की काटा नाही. भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. आई नाव घेते, मूठ भरते, मग चिमटीनं पाव मूठ वर टाकते. सुरतेचा चुलत भाऊ, पिंपरी-चिंचवडचे दोन पुतणे, नाशिकचा एक, सगळे त्या परातीत येतात. गावात कोण राहतं आणि कोण नाही, याचा परातीशी संबंध नाही.

परातीच्या दुसऱ्या टोकाला माझी पुतणी वही घेऊन बसली होती. पुण्याच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली आहे आणि उत्तर सोमवारपर्यंत हवं आहे. वहीच्या पानावर तिनं मधोमध रेघ मारली होती. एका रकान्यावर लिहिलं होतं 'आठे', दुसऱ्यावर 'तठे'. अहिराणीत आठे म्हणजे इथे, तठे म्हणजे तिथे. एरवी ही पोरगी घरात अहिराणी बोलायला लाजते, पण आयुष्याचा हिशोब मांडायची वेळ आली तेव्हा तिला हेच शब्द सुचले.

आठेखाली होतं: स्वतःचं घर, स्कूटीनं दहा मिनिटांत ऑफिस, आजी, शेवभाजी, आणि तीन उद्गारचिन्हांसह 'ऊन'. तठेखाली: पगार जवळजवळ दुप्पट, भाडं, ट्रॅफिक, हवा, मैत्रिणी दोन, 'पुढे वाव'. आईनं मूठ थांबवली, वहीकडे पाहिलं आणि विचारलं, "तठे काय शे जे आठे नही?"

हा प्रश्न वरवर साधा आहे. पण मी त्याच्या मागे लागलो आणि काही दिवस त्यातच अडकून पडलो. गाव सोडायचं की नाही हा प्रश्न आपल्याला आपला एकट्याचा, आपल्या घरातला वाटतो. प्रत्यक्षात ज्या गावात बसून आपण तो सोडवतो ते गावही याच प्रश्नाच्या हजारो उत्तरांतून उभं राहिलेलं असतं. आणि गंमत अशी की त्या उत्तरांमागचं गणित माणसांना फारसं जमत नाही, असं ज्यांनी ते मोजलं ते सांगतात.

आधी आठेचंच पाहू.

पुतणीनं ज्याला आठे म्हटलं ते धुळं २२० वर्षांपूर्वी ओसाड पडलं होतं. १८०३ साली आधी होळकरांच्या फौजांची लूट झाली, मग तो भयंकर दुष्काळ आला, आणि गावात माणूस म्हणून उरला नाही. पुढच्या वर्षी विंचूरकर सरदारांच्या पदरच्या बाळाजी बळवंत नावाच्या गृहस्थांनी ठिकठिकाणची माणसं गोळा करून गाव पुन्हा वसवलं. त्याबद्दल त्यांना विंचूरकरांकडून इनाम जमीन मिळाली. म्हणजे 'आम्ही पिढ्यान्‌पिढ्या धुळ्याचे' असं जे आमच्याकडे छातीवर हात ठेवून सांगितलं जातं, त्यातल्या बहुतेक पिढ्यांची मोजणी तिथून सुरू होते.

पंधरा वर्षांनी पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. जिल्ह्याचा कारभार पाहायला कॅप्टन जॉन ब्रिग्ज आला. त्यानं मुख्य ठाणं म्हणून धुळं निवडलं, कारण ते जिल्ह्याच्या साधारण मध्यावर होतं आणि दख्खनेतून हिंदुस्तानात जाणाऱ्या हमरस्त्यावर होतं. जानेवारी १८१९ मध्ये कचेऱ्या बांधायची मंजुरी आली. त्या वेळचं धुळं म्हणजे नदी आणि पाटाच्या मध्ये, बागायतीनं वेढलेलं लहानसं गाव: ४०१ घरं आणि २,५०९ माणसं. एवढ्याशा गावावर जिल्ह्याचा डोलारा कसा उभा राहणार? कारागीर लांबलांबहून आणावे लागले. मग ब्रिग्जनं जे केलं ते आजच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीला शोभेल. जो येऊन घर बांधेल त्याला जागा फुकट, तिच्यावर कायमचं भाडं माफ. शिवाय बांधकामासाठी सरकारातून उचल. गावातल्याला आणि परक्याला सारखीच.

गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, अशी नावं घेऊन आम्ही आज पत्ते सांगतो. जुन्या धुळ्याचे वाकडेतिकडे बोळ आणि ब्रिग्जनं वसवलेल्या नव्या पेठेतले सरळ रेघेचे रस्ते यांतला फरक चालतानाच पायांना कळतो. या सरळपणाचं श्रेय विश्वेश्वरय्यांना देणारे पुष्कळ भेटतात. ते मुंबई इलाख्याच्या नोकरीत आले १८८४ साली. धुळ्याच्या पांझरेवर त्यांनी काम केलं हे खरंच, त्यांच्या आठवणींत ते आहे. पण नव्या पेठेचा पाया त्याआधी पासष्ट वर्षं पडलेला होता. मोठ्या माणसाच्या नावावर गाव चढवलं की गावाला बरं वाटतं, एवढंच.

आता १८१९ सालच्या एखाद्या सुताराची कल्पना करा. त्यालाही कुणी बातमी दिली असेल: धुळ्याला जागा फुकट मिळते म्हणे. त्याच्याजवळ वही नव्हती, पण रकाने होतेच. आठे: ओळखीची गिऱ्हाइकं, बापाचं घर, गावदेव. तठे: काय? तठे काहीच नव्हतं. बाजार उभा राहायचा होता, शेजारी यायचे होते, कचेरीची भिंत अजून अर्धीच होती. जागा फुकट होती याचं कारणच ते. हे मला फार मजेशीर वाटतं. पुण्याला एका खोलीचं भाडं ऐकून आपण दचकतो, पण ते भाडं म्हणजे आपल्याआधी किती जणांनी तठेला होकार दिला त्याची पावती असते. धुळ्याची पावती १८१९ ला कोरी होती. ज्यांनी त्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवला त्यांनी धुळं निवडलं असं म्हणता येत नाही, कारण निवडायला धुळं नव्हतंच. ते आले म्हणून झालं.

जळगावची गोष्ट वेगळ्या चालीची. तिथे कुणी ब्रिग्ज आला नाही, आगगाडी आली. १८६० च्या दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग खानदेशातून पुढे सरकला तो जळगाव-भुसावळवरून, आणि नेमकं त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिथला कापूस बंद झाला तशा मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्तानी कापसासाठी हपापल्या. जळगाव कापसाची मोठी पेठ झालं, आणि १८६५ ला युद्ध संपून भाव कोसळले तेव्हा तोंडावर आपटलंही. पण पेठ टिकली. मुख्य मार्गापासून बाजूला पडलेल्या धुळ्याला चाळीसगावहून फाटा मिळायला १९०० साल उजाडलं. १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले, पूर्व खानदेशचं ठाणं जळगाव आणि पश्चिमेचं धुळं. १९०१ च्या गणनेत धुळ्याची वस्ती २५ हजारांच्या जवळ होती आणि जळगावची १६ हजारांच्या. २०११ च्या गणनेत धुळं पावणेचार लाखांवर आणि जळगाव साडेचार लाखांच्या पुढे. कुणी सभा भरवून हे ठरवलं नाही. ११० वर्षं, रोज, कुणीतरी कुठल्यातरी ओट्यावर बसून आठे की तठे ठरवत होतं, आणि हळूहळू पारडं फिरलं. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्रानं मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर आणि १८,०३६ कोटी रुपये. तो धुळ्यावरून जाणार आहे. आमच्या आईच्या मते या गाडीची शिट्टी ती लग्न होऊन आली तेव्हापासून ऐकते आहे, गाडी तेवढी दिसायची आहे.

'लग्न होऊन आली' हे मी सहज लिहून गेलो. पण या सगळ्या विषयातलं सर्वांत मोठं कोडं त्या तीन शब्दांत आहे.

१८८५ साली लंडनमध्ये ई. जी. रॅव्हेनस्टाइन नावाच्या भूगोलतज्ज्ञानं स्थलांतराचे नियम मांडले. हा माणूस मूळचा फ्रँकफुर्टचा, तरुणपणी इंग्लंडात येऊन तिथलाच झाला, म्हणजे अनुभवी. समज असा होता की लोक गाव सोडतात ते अंदाधुंद, त्यात कसला नियम. त्यानं ब्रिटनच्या जनगणनेची बाडं उलगडली आणि त्यात चक्क शिस्त सापडली. बहुतेक माणसं लांब जात नाहीत, जवळच्याच ठिकाणी सरकतात. त्यांनी रिकाम्या केलेल्या जागी आणखी आतल्या गावची माणसं येतात, म्हणजे पायरीपायरीनं सगळा देशच सरकत असतो. प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो, जाणारे असतात तसे परतणारेही असतात. आणि जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा बायका जास्त हलतात.

शेवटचा नियम वाचून त्या काळचे लोक चमकले असतील. खानदेशातल्या कुठल्याही घराला त्यात नवल नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात ४५ कोटींहून जास्त लोक 'स्थलांतरित' म्हणून नोंदले गेले आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचं कारण होतं लग्न. मुंबईला कामाला गेलेला बिहारी तरुण आपल्या डोळ्यांसमोर येतो, पण आकड्यांतला नमुनेदार स्थलांतरित म्हणजे शेजारच्या तालुक्यातून आलेली सून. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावात आल्या. अंतर पाच-सहा किलोमीटर. जनगणनेच्या लेखी हेही स्थलांतरच, आणि ज्यांनी त्यांच्या कवितेतलं माहेर वाचलं आहे त्यांना ते किती लांबचं होतं हे सांगायला नको. आमची वहिनी पाचोऱ्याची. पुतणीच्या वहीकडे बघत ती भाजी निवडत होती. मध्येच म्हणाली, "मला बी कुणी अशी वही द्यायला पाहिजे होती." आणि हसली. भाऊ पेपरात डोकं घालून बसला.

म्हणजे कोट्यवधी लोकांच्या बाबतीत हा निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतलेला असतो. आणि जे स्वतः घेतात, तेही एकट्यानं घेत नाहीत. त्यासाठी सुरतेकडे पाहावं.

नकाशा घ्या आणि तापी नदीवर बोट ठेवा. मध्य प्रदेशात मुलताईला उगम, मग भुसावळ, मग जळगावच्या उत्तरेकडून पश्चिमेला. जळगावजवळची गिरणा तिला मिळते. धुळं आणि देवपूर यांच्या मधून वाहणारी पांझराही मुडावदजवळ तिलाच मिळते. पुढे ती गुजरातेत शिरते आणि सुरतेला समुद्राला भेटते. म्हणजे धुळ्यात गच्चीवर पडलेला पाऊस आणि जळगावात गच्चीवर पडलेला पाऊस, दोघांना वाट मिळाली तर दोघंही सुरतेलाच जायचे. आणि माणसंही तिकडेच गेली! विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्यातून लोहमार्ग झाला, पुढे सुरतेत यंत्रमाग वाढले, आणि खानदेशातली पोरं भुसावळ-सुरत पॅसेंजरनं उतारावरच्या पाण्यासारखी निघाली. उधना, लिंबायत, डिंडोली भागात फिरलं तर अहिराणी कानावर पडते. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील २०२४ ला सात लाखांहून जास्त मतांनी निवडून आले आणि केंद्रात जलशक्तिमंत्री झाले. त्यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकराऊतचा. तापीच्या वरच्या अंगाला जन्मलेला माणूस तिच्या मुखाशी जाऊन देशाच्या पाण्याचा मंत्री होतो, हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं की जरा जास्तच जुळवलंय.

सुरत का, आणि तेवढ्याच अंतरावरचं दुसरं एखादं शहर का नाही? कारण पहिला गेलेला. आमच्या चुलत भावाला सुरतेला कुणी बोलावलं? गल्लीतल्या एकानं. त्याची उधन्याला खोली होती. पहिले दोन महिने भाऊ तिथे झोपला, त्याच्याच शेठकडे लागला, कुठल्या खानावळीत वरण आपल्या चवीचं मिळतं हे त्यानंच दाखवलं. त्यानंतर आमच्या भावाच्या खोलीवर चार जण झोपून गेले. अभ्यासक याला साखळी म्हणतात. प्रत्येक गेलेला माणूस मागून येणाऱ्याचा खर्च थोडा कमी करतो: पैशांचा, माहितीचा आणि भीतीचा. त्यामुळे लोक 'सगळ्यांत चांगलं' शहर निवडत नाहीत. ज्या शहरात झोपायला सतरंजी आहे ते निवडतात. पुतणीच्या रकान्यात 'मैत्रिणी दोन' ही नोंद पाचव्या ओळीवर होती. मला विचाराल तर ती पहिल्या ओळीवर हवी होती.

आता त्या तीन उद्गारचिन्हांच्या उन्हाकडे.

खानदेशाचं ऊन हा थट्टेचा विषय नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो, दुपारी बारा ते चार रस्ते मोकळे पडतात, नळाला गरम पाणी येतं. त्यामुळे पुण्याची हवा म्हटलं की आमच्याकडे डोळे मिटून उसासा टाकतात. अमेरिकेत डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन या दोघांनी नेमका हाच उसासा तपासला. १९९८ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी जवळपास २,००० विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. अर्धे मध्य-पश्चिमेतले, जिथे हिवाळा हाडं गोठवतो, आणि अर्धे कॅलिफोर्नियातले, जिथे हवा पोस्टकार्डासारखी. काहींना विचारलं, तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात? दोन्हीकडचं उत्तर सारखंच निघालं. बाकीच्यांना विचारलं, तुमच्यासारखाच एखादा माणूस इथे किंवा तिथे किती समाधानी असेल? दोन्हीकडच्यांनी सांगितलं, कॅलिफोर्नियातला जास्त.

असं का होतं? आपण दोन गावांची तुलना करतो तेव्हा डोळ्यांत भरतो तो फरक, आणि सारखेपणा दिसेनासा होतो. हवा वेगळी, म्हणून हवाच हवा दिसते. पण पुण्याला गेल्यावर पुतणी सकाळी उठून 'अहाहा, काय हवा' असं किती दिवस म्हणेल? आठवडाभर. मग दूध उतू जाईल, डोकं दुखेल, साहेब बोलेल, पाळी येईल, मावशी कामाला येणार नाहीत. आयुष्य बहुतांशी ज्या गोष्टींचं बनलेलं असतं त्या दोन्ही रकान्यांत सारख्या असल्यामुळे कुणी लिहीतच नाही. कानेमनला २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो स्वतः मे महिन्यात भुसावळ स्टेशनावर गाडीची वाट बघत उभा राहिला असता तर त्याचं मत बदललं असतं का, ही माझी एक प्रामाणिक शंका आहे.

याच्या उलट एक गोष्ट अशी की जिची माणसाला सवयच होत नाही. रोजचा जाण्यायेण्याचा वेळ. स्टुट्झर आणि फ्राय या स्विस अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची बरीच वर्षांची माहिती तपासली. गणितानं असं व्हायला हवं होतं की लांबून येणाऱ्याला त्याचा मोबदला कुठेतरी मिळतो, पगारात किंवा स्वस्त घरात, आणि हिशोब फिटतो. तो फिटत नव्हता. प्रवास जितका लांब तितका माणूस कमी समाधानी. पगारवाढ ठरलेली असते, तिची सवय लवकर होते. वाहतुकीची कोंडी रोज नवी असते. मी पुतणीला म्हटलं, उन्हाची दोन उद्गारचिन्हं काढून ट्रॅफिकला दे. तिनं एकच काढलं.

पण मुळात गेल्यानं भलं होतं की नाही? हे शोधणं दिसतं तेवढं सोपं नाही. गेलेल्यांची कमाई आणि राहिलेल्यांची कमाई मांडून काही सिद्ध होत नाही, कारण जाणारे मुळातच वेगळे असतात, जास्त धडपडे किंवा जास्त अडचणीतले. खरी परीक्षा करायची तर काही घरांवर चिठ्ठी टाकून 'तुम्ही उठा' आणि बाकीच्यांना 'तुम्ही बसा' असं सांगावं लागेल. ते कोण करणार?

ज्वालामुखीनं केलं. आइसलँडजवळ हेमेई नावाचं मासेमारीचं बेट आहे. २३ जानेवारी १९७३ च्या मध्यरात्रीनंतर गावाच्या कडेलाच जमीन फाटली आणि आगीची भिंत उभी राहिली. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या होड्या नशिबानं बंदरातच होत्या. पाच हजारांवर माणसं एका रात्रीत सुखरूप बाहेर पडली. काही महिन्यांनी ज्वालामुखी शांत झाला, लोक परतू लागले. पण गावाच्या सुमारे एक तृतीयांश घरांवरून लाव्हा गेला होता. गल्लीच्या या बाजूचं घर शाबूत आणि त्या बाजूचं गाडलं गेलेलं. ज्यांचं घर गेलं त्यांतल्या कितीतरी जणांनी दुसरीकडे संसार थाटला. हीच ती चिठ्ठी! लाव्हानं घर निवडताना आतला माणूस हुशार की आळशी हे पाहिलं नव्हतं.

नाकामुरा, सिगुर्डसन आणि स्टाइनसन या तिघा अर्थतज्ज्ञांनी त्या कुटुंबांची पुढची कित्येक दशकं धुंडाळली. जे तेव्हा लहान किंवा विशीच्या आसपासचे होते, त्यांचं बेट सोडल्यामुळे भलं झालं: शिक्षण काही वर्षांनी वाढलं, आयुष्यभराची कमाईही ठळकपणे वाढली. त्यांच्या आईबापांचं मात्र थोडं नुकसानच झालं. आणखी आश्चर्य म्हणजे हेमेई हे काही गरीब बेट नव्हतं, मासळीवर ते चांगलं श्रीमंत होतं. मग सोडल्यानं फायदा का? कारण ते मासेमारी ज्याला जमते त्याच्यासाठी उत्तम होतं. ज्याच्या हातात जाळं शोभत नव्हतं, पण डोक्यात कायदा किंवा गणित होतं, त्याला तिथे स्वतःचा पत्ताच लागला नसता. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. गाव चांगलं की वाईट हा प्रश्नच अर्धा आहे. कुणाला, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. आणि हिशोब एका पिढीचा आणि लाभ दुसऱ्या पिढीचा असेल तर एका वहीत तो मांडायचा कसा?

अमेरिकेत स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञानं तर लोकांना नाणंच उडवायला लावलं. नोकरी सोडू की नको, नातं तोडू की नको, असल्या पेचात अडकलेल्यांनी त्याच्या संकेतस्थळावर नाणी उडवली, वीस हजारांहून जास्त. नाण्यानं 'बदल' म्हटलं आणि ज्यांनी तो केला, ते सहा महिन्यांनी जास्त सुखी आढळले. मला हा प्रयोग आवडतो, पण त्याच्या भरवशावर पुतणीला गाडीत बसवणार नाही. जो माणूस अनोळखी प्राध्यापकाच्या नाण्यावर आयुष्य सोपवायला तयार होतो, त्याचा एक पाय आधीच उंबऱ्याबाहेर असतो.

बरं, राहिलेल्यांचं काय? जळगावात कुणालाही विचारा, भवरलाल जैन यांची गोष्ट तोंडपाठ असते. वाकोदचा शेतकऱ्याचा मुलगा, सरकारी अधिकाऱ्याची नोकरी हातात आलेली, ती नाकारून १९६३ साली ७,००० रुपयांवर रॉकेल विकण्यापासून सुरुवात केली. पुढे ठिबक सिंचनाच्या नळ्या जळगावहून जगभर गेल्या. अशा गोष्टी ऐकताना सावध असावं, कारण राहिले आणि फसले त्यांच्या गोष्टी कुणी पाठ करत नाही. मला त्याहून अमळनेरची गोष्ट जास्त चक्रावते. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचं पुढे विप्रो झालं. कंपनीचं मुख्यालय बंगळूरला गेलं, धंदा तुपावरून संगणकावर गेला. गावातल्या ज्या लोकांनी सुरुवातीचे शेअर ट्रंकेत ठेवून दिले होते ते मात्र अमळनेरलाच राहिले, आणि जुन्या वाड्यात बसल्या बसल्या कोट्यधीश झाले. माणूस आठे, पैसा तठे. हा तिसरा रकाना पुतणीच्या वहीत बसतच नाही.

आणखी एक गोष्ट बसत नाही. १९३२ साली विनोबा भाव्यांना धुळ्याच्या तुरुंगात आणलं. मर्जी विचारायचा प्रश्नच नव्हता. तिथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी ते गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले, अठरा रविवारी अठरा अध्याय. समोर बसून ते शब्द उतरवून घेत होते साने गुरुजी, अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत पडलेले. त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. विनोबा कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचे, साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. दोघंही कोकणातले. दोन कोकणी माणसं पांझरेकाठच्या गजांआड समोरासमोर बसतात आणि मराठीतलं एक पुस्तक जन्मतं. कुठल्या रकान्यात, कुठल्या ओळीवर ही नोंद आधी करता आली असती? तठे कोण भेटणार हीच सर्वांत मोठी गोष्ट, आणि तिच्यासाठी वहीत जागा कोरी सोडण्यापलीकडे काही करता येत नाही. ब्रिग्जच्या सुतारानंही तेच केलं असणार.

हे सगळं मी पुतणीला एकदम सांगितलं नाही, थोडं थोडं करून सांगितलं. तिनं वहीत फार भर घातली नाही. त्या दिवशी परातीपाशी मुठी मोजून होत आल्या होत्या. आईनं सुरतेच्या भावाचं नाव घेऊन मूठ भरली तेव्हा ती म्हणाली, "आजी, अण्णाकाका तीस वर्षं झाले सुरतेला आहेत. अजून त्यांची मूठ?"

"तो काय मरी गया का?" आई म्हणाली.

"मग माझी?"

आई क्षणभर थांबली. "पोरीस्नी मूठ नही मोजतस."

"आठे राहिली तरी?"

आईनं उत्तर दिलं नाही. परात हलवून तिनं गहू सारखे केले, खडा दिसला तो काढला आणि पिशवी पुढे केली. गिरणी कानबाईच्या दळणासाठी धुऊन ठेवलेली असते, उशीर केला तर रांग लागते. पुतणीनं वही मिटून टेबलावर ठेवली, पिशवी स्कूटीवर पायांशी ठेवली, आणि मी मागे बसलो.

गिरणीत आठ-दहा पिशव्या आमच्या पुढे होत्या. पट्टा फिरत होता, भिंतीवर, खुर्चीवर, गिरणीवाल्याच्या भुवयांवर पीठ बसलं होतं. तिचा फोन वाजला. पडद्यावर पुण्याचा नंबर होता. तिनं तो कानाला लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं, "हॅलो, हॅलो" केलं, आणि मग जात्याच्या घरघरीवर आवाज चढवून ओरडली, "ऐकू येत नाहीये, मी थोड्या वेळानं करते!"

आमचा नंबर आला होता. तिनं पिशवीचं तोंड सोडलं.